शेरामागे एक आणा : नामदार गोखले यांचे अर्थकारण

कोणताही सरकारी कायदा किंवा कर एका हेतूने जन्माला येतो आणि अनेक परिणाम घडवून आणतो. हेतू कायद्याच्या प्रस्तावनेत छापलेला असतो. परिणाम मात्र हजारो गावांत, बाजारांत आणि घरांत विखुरलेले असतात. त्यांचा हिशेब मांडणे हे अर्थशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक होय. कारण तो कायदा झालाच नसता तर काय घडले असते, हे कोणालाही पाहता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, हाती सरकारी यंत्रणा नसताना आणि सरकारनेच छापलेल्या आकड्यांखेरीज दुसरे साधन नसताना, हे काम सातत्याने करणारा एक गणिताचा शिक्षक महाराष्ट्राने पाहिला. त्यांचे नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले. नेमस्तांचे पुढारी, लोकमान्य टिळकांचे राजकीय प्रतिस्पर्धी आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू या ओळखींच्या गर्दीत त्यांचा हा पैलू काहीसा झाकोळला गेला आहे.

आठ रुपयांचे शिक्षण

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते निवर्तले तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत कागलच्या घराचा प्रपंच चालत असे. गोपाळराव त्या आठ रुपयांत स्वतः स्वयंपाक करून आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून दिवस काढीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका आण्याची किंमत काय असते, हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा होता. तो सोडून १८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी वाङ्मय, इतिहास व अर्थशास्त्र असे विषय शिकवले. शाळेसाठी त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे देशभर वापरले गेले आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. पुढे कायदेमंडळात उभे राहून अर्थमंत्र्याच्या हिशेबातील वजाबाकी तपासणाऱ्या या गृहस्थांची तयारी अशी शाळेच्या फळ्यापाशी झाली.

रानड्यांची शिकवण

१८८७ च्या सुमारास गोखले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले आणि पुढली चौदा वर्षे, म्हणजे १९०१ मध्ये रानडे कालवश होईपर्यंत, त्यांनी गुरुगृही राहिल्याप्रमाणे अर्थशास्त्राचे अध्ययन केले. सरकारी अहवाल, जमाबंदीचे कागद, व्यापाराची व दुष्काळाची वृत्ते हे त्यांचे पाठ्यग्रंथ होते. रानडे त्यांच्याकडून टिपणे व निवेदने लिहवून घेत आणि आकडा चुकला वा विधान सैल राहिले तर पुन्हा लिहावयास लावीत.

या अध्ययनात एक कायदा विशेष महत्त्वाचा होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून गहाणखते व रोखे जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. त्याची परिणती म्हणून १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेवर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा, व्याज कमी करण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. रानडे स्वतः या कायद्याखालील न्यायाधिकारी होते. गावोगाव फिरून त्यांनी असे शेकडो व्यवहार तपासले होते.

या कायद्याने कुळाचे कल्याण किती झाले, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नव्हते. न्यायालयांत सावकारांच्या फिर्यादी कमी झाल्या, तर ते कर्ज कमी झाल्याचे लक्षण मानावे की सावकाराने कर्ज देणेच आखडते घेतल्याचे? गहाणखते कमी झाली, तर शेतकरी मोकळा झाला म्हणावे काय? अनेक सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यावयास आरंभ केला होता. व्यवहार कर्जाचाच, पण कागदावर विक्री. कायद्याने एक दार बंद केले की व्यवहार दुसऱ्या दाराने आत येतो आणि सरकारी तक्त्यात मात्र पहिले दार बंद झाल्याचीच नोंद होते. रानड्यांच्या हाताखाली गोखले जे शिकले त्याचे सार हेच होते. कायद्याचा परिणाम तपासावयाचा तर त्याने बदललेला रकाना तेवढा पाहून भागत नाही. शेजारचे रकानेही पाहावे लागतात.

या काळात त्यांना लाभलेले दुसरे मार्गदर्शक म्हणजे रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. शिक्षणखात्यात नोकरी करणारे जोशी हे हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराविषयीच्या आकड्यांचे चालते भांडार होते. गोखले यांची पुढली गाजलेली अंदाजपत्रकीय भाषणे ज्या पायावर उभी राहिली, त्या पायाचे कितीतरी चिरे जोशी यांनी पुरविलेले होते. प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या गृहस्थांचे ऋण गोखले यांनी आयुष्यभर मानले.

पुराव्याचा कटू धडा

हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लंडनमध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला होता. १८९७ च्या एप्रिलमध्ये डेक्कन सभेचे प्रतिनिधी म्हणून गोखले यांनी त्यापुढे साक्ष दिली. वय केवळ तीस वर्षांचे. समोर मुरलेले प्रशासक. उलटतपासणीत त्यांचे आकडे टिकले आणि त्यांचे नाव झाले.

त्याच मुक्कामात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिकांकरवी घरझडत्या चालू होत्या. मित्रांकडून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखले यांनी तेथील वृत्तपत्रात सैनिकांवर स्त्रियांच्या विटंबनेचे गंभीर आरोप केले. मायदेशी परतल्यावर त्या आरोपांचा पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणारांची नावे सांगणे त्यांना शक्य नव्हते आणि साक्ष देण्यास कोणी पुढे येईना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखले यांनी आरोप मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची अतोनात निर्भर्त्सना झाली. पुढल्या वर्षी प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून वस्त्यांतून फिरले. लोकांचे दुःख खरे असूनही सिद्ध करता येत नसेल तर सत्तेपुढे ते उभे राहत नाही, हा धडा त्यांनी फार मोठी किंमत देऊन घेतला. यानंतरच्या त्यांच्या कोणत्याही भाषणात सरकारी कागदातून काढून दाखविता येणार नाही असा आकडा सापडणे कठीण.

जमिनीचा कायदा आणि सभात्याग

१८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. तो काळ भीषण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी इलाखा होरपळला होता. सारा थकला होता, गुरे मेली होती, शेतकरी कर्जात बुडाला होता. १९०१ मधील दुष्काळ आयोगाने मुंबई इलाख्यातील किमान एक चतुर्थांश शेतकऱ्यांनी जमिनींचा ताबा गमावला असून एक पंचमांशाहून कमी शेतकरी कर्जमुक्त आहेत, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. साऱ्याच्या थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकता वा गहाण ठेवता येणार नाही अशी अट घालण्याचा अधिकार सरकारला त्यायोगे मिळणार होता. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा त्यामागील सांगितलेला हेतू. पंजाबात आदल्याच वर्षी जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा झाला होता.

गोखले सावकारांचे कैवारी नव्हते. शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण त्यांना सरकारपेक्षा अधिक जवळून ठाऊक होते. त्यांचा आक्षेप परिणामांविषयीचा होता. शेतकऱ्याजवळ तारण म्हणून जमिनीखेरीज काय असते? ती गहाण ठेवता येत नाही म्हटल्यावर त्याला कोण आणि कोणत्या व्याजाने पैसे देणार? सारा मात्र ठरल्या तारखेस रोखीनेच भरावयाचा आहे, बी-बियाणे व बैल रोखीनेच घ्यावयाचे आहेत. सावकाराचा मार्ग बंद करून दुसरा मार्ग न उघडणे म्हणजे आजाऱ्याचे कडू औषध काढून घेऊन त्याला औषधावाचून ठेवणे होय, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला जोडूनच त्यांनी पर्यायही सुचविला. सरकारने एखादा लहानसा मुलूख निवडावा, तेथील कुळांची जुनी कर्जे हिशेब करून आपल्याकडे घ्यावीत, शेतकी पतपेढ्या काढाव्यात आणि मग त्या जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंध घालावेत. प्रयोगाचे फळ दिसले की इतरत्र जावे.

या सूचनेतील शहाणपण नीट समजून घेण्यासारखे आहे. नवा निर्बंध नेमका त्या शेतकऱ्यांना लागू होणार होता, जे सारा थकून आधीच बुडाले होते. पुढे त्यांना कर्ज मिळेनासे झाले असते, तर तो कायद्याचा परिणाम की मुळातल्या दारिद्र्याचा, हे सांगता येणे अवघड होते. उलट त्यांची जमीन टिकली असती, तर ते श्रेय कायद्याचे की पुढे आलेल्या चांगल्या पावसाचे, हाही प्रश्न उरला असता. एक मुलूख प्रयोगाखाली आणि शेजारचा तसाच मुलूख प्रयोगाबाहेर ठेवला, तर निदान दोहोंची तुलना शक्य होते. शंभर वर्षांनंतर अर्थशास्त्रज्ञांनी ज्या पद्धतीचा सार्वत्रिक अवलंब केला, तिचे हे साधे, शेतातले रूप होय.

सरकारने ऐकले नाही. विधेयक लोकमतासाठी फिरवावे ही फेरोजशहा मेहता यांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली गेली. तेव्हा मेहता व त्यांच्यासमवेत गोखले आदी लोकनियुक्त सभासद सभागृह सोडून निघून गेले. स्वभावाने मवाळ असलेल्या गोखले यांना हे पाऊल जड गेले. परंतु जे विधेयक लाखो कुटुंबांची पत ठरविणार होते, त्याच्या परिणामांची चौकशीही न करता मतदानात भाग घेणे त्यांना त्याहून जड होते. कायदा संमत झाला. हस्तांतरणावर बंधन असलेल्या अशा जमिनींना पुढे नवी शर्त हे नाव रुळले आणि अशा बंधनांचा वारसा महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत भोगवटादार वर्ग दोन या नावाने चालत आला. बँकेत तारणाचा प्रश्न आला की सातबारा उतारा हाती घेतलेल्या शेतकऱ्याला या शब्दांचा अर्थ आजही विचारावा लागतो.

शिल्लक कोणाची?

१९०१ च्या अखेरीस मेहता यांच्या जागी गोखले यांची व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात त्यांनी अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. तेव्हाच्या नियमांनुसार सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई. त्यावर मत देता येत नसे वा दुरुस्ती सुचविता येत नसे. त्या वर्षी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारला ती भरभराटीची खूण वाटत होती आणि इतर सभासदांनी अभिनंदनाची परंपरा पाळली होती. गोखले यांनी विचारले की, नुकत्याच दुष्काळातून उठलेल्या देशात ही शिल्लक आली कोठून?

त्यांचे उत्तर चलनाच्या कायद्यात होते. चांदीचा भाव घसरत गेल्याने रुपयाची विलायती किंमत उतरत होती. १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयांचा पुरवठा आखडला आणि तेरा पेन्सांपर्यंत घसरलेला रुपया १८९८ च्या सुमारास सोळा पेन्सांवर स्थिरावला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडात निवृत्तिवेतने, व्याज, लष्करी खर्च इत्यादींसाठी दरवर्षी दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे. रुपया तेरा पेन्सांचा असता पौंडाला साडेअठरा रुपये पडत. सोळा पेन्सांचा झाल्यावर पंधरा. म्हणजे एक कोटी पौंडांमागे सुमारे साडेतीन कोटी रुपये वाचू लागले. रुपया घसरत होता त्या काळात तूट भरून काढण्यासाठी वाढविलेले कर मात्र तसेच चालू राहिले. घसरणीचा भार जनतेने उचलला आणि चढाचा लाभ तिजोरीने घेतला, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ होता.

या मांडणीला दुसरी बाजू नव्हती असे नाही. रेल्वेचे उत्पन्न वाढत होते, व्यापार पसरत होता. शिल्लक सर्वस्वी रुपयाच्या चढातूनच आली असे म्हणणे सरकारी पक्षाला मान्य होणे शक्य नव्हते. तथापि या भाषणाने एक गोष्ट केली. तिजोरी भरली म्हणजे देश सुखी झाला, हे समीकरण यापुढे कोणालाही पुराव्यावाचून मांडता येणार नव्हते.

मिठाचा हिशेब

त्याच भाषणात गोखले यांनी मिठावरील कराचा प्रश्न हाती घेतला. १८८८ मध्ये हा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. मणाचे चाळीस शेर आणि अडीच रुपयांचे चाळीस आणे; म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. सरकारचे समर्थन असे की, एवढा कर माणशी वाटून दिला तर तो जाणवतही नाही. माणशी वर्षाला पाच शेर मीठ धरले तर पाच माणसांच्या कुटुंबाला पंचवीस आणे, म्हणजे दीड रुपयाच्या थोडे वर. ज्या मजुराला दिवसाकाठी दोन-तीन आणे मिळत, त्याची ही आठ ते बारा दिवसांची कमाई होय. शिवाय मीठ ही अशी वस्तू की तिच्यावाचून श्रीमंताचेही चालत नाही व गरिबाचेही. तेव्हा कराचे ओझे मिळकतीच्या उलट्या प्रमाणात पडते.

कर वाढल्याने गरिबाने मीठ खाणे खरोखरच कमी केले काय, हा यातील कळीचा प्रश्न होता. गोखले यांनी खपाचे आकडे लोकसंख्येच्या शेजारी ठेवून पाहिले आणि खप लोकसंख्येच्या मानाने वाढत नसल्याचे दाखविले. येथेही गुंतागुंत होतीच. याच वर्षांत दोन दुष्काळ झाले, प्लेग आला, लाखो गुरे मेली. गुरांनाही मीठ लागते. खप खुंटला तो कराने की दुष्काळाने? कागदावर हे दोन धागे वेगळे करणे कोणालाही साधले नसते. धागे वेगळे करण्याचा एकच मार्ग होता आणि तो म्हणजे कर कमी करून पाहणे. गोखले वर्षानुवर्षे तीच मागणी करीत राहिले.

अखेर मागणीला यश आले. १९०३ मध्ये कर मणाला दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया. १९०३ मध्येच प्राप्तिकराची सूट-मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून एक हजारावर नेण्यात आली. हीदेखील गोखले यांच्या मागण्यांपैकी एक होती. मिठाच्या कराचा दर पाच वर्षांत तीन पंचमांशांनी उतरला. खप वाढला आणि त्यामुळे महसूल दराच्या प्रमाणात घटला नाही. प्रत्येक कपातीनंतर खप वाढत गेलेला दिसल्यावर, गरीब माणूस मिठातही काटकसर करीत होता, हे म्हणणे खोडून काढणे कठीण झाले. पावसाने हात दिला, धान्य पिकले, ही कारणेही त्या वाढीत असणारच. परंतु कर जाणवतच नाही, ही भूमिका आता टिकण्यासारखी नव्हती.

पतपेढ्या आणि शाळा

१९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला. तीन वर्षांपूर्वी मुंबईत ज्या पर्यायी पतपुरवठ्याचा त्यांनी आग्रह धरला होता, त्याच दिशेचे हे पाऊल. गोखले यांनी त्याचे स्वागत केले, पण अपेक्षा आवरत्या ठेवल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे जुने कर्ज फिटल्याशिवाय नव्या पेढीचा पैसा जुन्याच सावकाराकडे जाईल आणि गावोगावच्या सुट्या पेढ्यांना वरून भांडवल पुरविणारी संस्था नसेल तर त्या दुबळ्या राहतील, असा त्यांचा इशारा होता. मध्यवर्ती सहकारी बँकांना कायद्यात स्थान मिळण्यास १९१२ साल उजाडावे लागले.

१९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. १९१० मध्ये नाताळ येथे करारबद्ध मजूर पाठविणे बंद करावे, हा ठराव त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारने तो स्वीकारला व पुढल्या वर्षी ती भरती थांबली.

त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा पराभव मात्र शिक्षणाच्या प्रश्नावर झाला. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला होता. हा अनुभव गोखले यांच्यासमोर होता. त्यांच्या विधेयकाची रचनाही प्रयोगाचीच होती. एका झटक्यात देशभर सक्ती नाही. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, तेथील नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने सरकारच्या परवानगीने, सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांपुरती सक्ती आणावी. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने.

विरोधकांनी मांडलेली भीती परिणामांचीच होती. कर वाढतील, शेतावर राखणीला व गुरांमागे पोरे मिळणार नाहीत, मजुरी चढेल, गरीब आईबापांचे उत्पन्न बुडेल, असे सांगण्यात आले. या भीतीत काही तथ्यही होते. मूल शाळेत गेले की त्याची आजची मजुरी बुडते हे लगेच दिसते व मोजता येते. शिकलेल्या माणसाकडून वीस वर्षांनी समाजाला काय मिळेल, हे आज कोणत्याही वहीत मांडता येत नाही. जमाखर्चात खर्चाचा रकाना नेहमी आधी भरतो आणि जमेचा रकाना पिढीनंतर. ज्या गणितज्ञाने आयुष्यभर सरकारकडे आकड्यांचा पुरावा मागितला, त्याला येथे ज्याचा आकडा अजून जन्मलाच नव्हता अशा लाभाची बाजू घ्यावी लागली. त्याने ती इतर देशांचा व बडोद्याचा दाखला देऊन घेतली. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आपली पिढी अपयशातूनच देशाची सेवा करणार आहे, हे गोखले यांनी मनाशी कधीच स्वीकारले होते.

अखेरची वर्षे

मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम पाहिले आणि त्यासाठी इंग्लंडच्या फेऱ्या केल्या. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फेटाळलेल्या विधेयकाचे बीज वाया गेले नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. मिठाचा कर मात्र पुन्हा चढू लागला. १९२३ मध्ये तो कायदेमंडळाचा विरोध डावलून मणाला अडीच रुपयांवर नेण्यात आला आणि पुढल्याच वर्षी खाली आणावा लागला. शेरामागचा तो आणा परत येऊन गेला, तेव्हा त्याचा हिशेब मांडणारे गोखले हयात नव्हते.

१९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात त्यांच्या नावाने राज्यशास्त्र व अर्थशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी आणि धनंजयराव गाडगीळ यांचे नेतृत्व तिला लाभले. सरकारी तक्त्यांवर विसंबून न राहता गावोगाव माहिती गोळा करण्याची परंपरा या संस्थेने रुजविली. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाण्याने अहमदनगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांना व सरकारला प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष काय लाभ झाला, याचा गाडगीळ यांनी घेतलेला शोध १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सरकारने उचललेल्या पावलाचे फळ कुळाच्या घरापर्यंत जाऊन मोजावे, ही गोखले यांची अपेक्षा होती. त्या ग्रंथात ती अपेक्षा अभ्यासाची रीत बनलेली दिसते.